प्रचाराच्या पडद्यामागची कात्री

३० सेकंदांच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत ७५० फ्रेम असतात. आपल्याकडील दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ फ्रेम या गतीने धावते, त्यावरून आलेला हा साधा हिशेब. त्या ७५० फ्रेमपैकी उमेदवाराच्या चेहऱ्याला किती द्यायच्या, गर्दीला किती द्यायच्या, प्रतिस्पर्ध्याचे कोणते वाक्य कोठे तोडायचे आणि निवडणूक चिन्ह पडद्यावर किती वेळ थांबवायचे, हे प्रत्यक्षात ज्याच्या हातून ठरते तो माणूस सभेत दिसत नाही, पत्रकावर त्याचे नाव नसते आणि निकालाच्या दिवशी गुलालही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो असतो संकलक, म्हणजे रूढ भाषेत व्हिडिओ एडिटर.

अहिल्यानगर जिल्हा हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ मध्ये अहमदनगर हे नाव बदलले, तरी बोलण्यात तो आजही 'नगर'च आहे. अहमदनगर आणि शिर्डी हे दोन लोकसभा मतदारसंघ, अकोल्यापासून कर्जत-जामखेडपर्यंत पसरलेले १२ विधानसभा मतदारसंघ, महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषद आणि त्यांच्या जोडीला सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था अशा संस्थांचे जाळे. निवडणूक ही येथे पाच वर्षांतून एकदा येणारी घटना नसून जवळजवळ बारमाही व्यवहार आहे. साहजिकच प्रचाराच्या चित्रफिती तयार करणे हाही जिल्ह्यात एक व्यवसाय झाला आहे. त्यात शिरू पाहणाऱ्या तरुणाने सॉफ्टवेअर शिकणे हा अर्धाच भाग झाला. दोन चित्रे जोडली की अर्थ कसा बदलतो आणि त्या बदललेल्या अर्थाची जबाबदारी कोणावर येते, हे समजणे हा उरलेला अर्धा भाग. पहिल्या भागाचे वर्ग गल्लोगल्ली भरतात. दुसऱ्याचे शिक्षण मात्र बहुधा चूक झाल्यावरच मिळते.

नेमके काम काय?

चित्रीकरण संपल्यानंतर जाहिरात पडद्यावर येईपर्यंत जे जे करावे लागते, त्या सगळ्याला पोस्ट-प्रॉडक्शन म्हणतात. पहिली पायरी वर्गवारीची. चार कॅमेरे, एक ड्रोन आणि कार्यकर्त्यांचे डझनभर मोबाइल यांतून आलेले फुटेज तारखेनुसार, गावानुसार लावून घ्यावे लागते. मोबाइलवरील चित्रणाची फ्रेमगती बहुधा स्थिर नसते. ती तशीच टाइमलाइनवर घेतली, तर भाषण पुढे सरकू लागते तसे ओठ आणि आवाज यांचे नाते तुटत जाते. म्हणून आधी सगळे फुटेज एका मापात आणले जाते.

त्यानंतर रफ कट. यात मजकुराचा क्रम ठरतो. फाइन कटमध्ये प्रत्येक तुकड्याची लांबी फ्रेमच्या हिशेबाने बसविली जाते. पुढे कलर करेक्शन आणि ग्रेडिंग होते. दुपारच्या उन्हातली पदयात्रा आणि संध्याकाळची सभा एकाच दिवसाची वाटावी, इतके रंग जुळवावे लागतात. मग निवेदकाचा आवाज, पार्श्वसंगीत, घोषणा यांचे मिक्सिंग, आणि शेवटी नाव, चिन्ह, अक्षरपट्ट्या. एवढ्यावर काम संपत नाही. दूरचित्रवाणी आणि सभेतील एलईडी पडद्यासाठी आडवी चौकट, मोबाइलसाठी उभी चौकट, व्हॉट्सॲपवर फिरण्यासाठी हलकी फाइल, प्रचाररथासाठी मोठ्या आवाजाची वेगळी प्रत अशी एकाच जाहिरातीची अनेक रूपे करावी लागतात. उभ्या चौकटीत बाजूला उभा असलेला तालुकाध्यक्ष कापला गेला, की रात्री उशिरा दूरध्वनी येतो. हाही या कामाचाच एक भाग.

चित्रपटाच्या संकलकाला महिने मिळतात, राजकीय जाहिरातीच्या संकलकाला तास मिळतात. दुपारी झालेल्या सभेतला टोला संध्याकाळच्या आत मतदाराच्या मोबाइलवर पोहोचला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो शिळा होतो. त्यामुळे वेग हा या क्षेत्रातील पहिला गुण मानला जातो. मात्र याच वेगामुळे पडताळणीला वेळ राहत नाही, आणि पुढील बहुतेक अडचणींचा उगम तेथेच असतो.

लग्नाच्या कॅसेटपासून

जिल्ह्यातील संकलनाचा इतिहास राजकारणापासून नव्हे, तर लग्नसमारंभापासून सुरू होतो. व्हीएचएस कॅसेटच्या काळात दोन यंत्रे जोडून एकावरून दुसऱ्यावर दृश्ये उतरवून घेत. मध्येच एखादे दृश्य घालायचे ठरले, तर पुढचे सारे पुन्हा करावे लागे. संगणकावरील नॉन-लिनियर संकलनाने ही अडचण दूर केली. ॲव्हिड १९८९ मध्ये, ॲडोबी प्रीमियर १९९१ मध्ये आणि ॲपलचे फायनल कट प्रो १९९९ मध्ये बाजारात आले. भारतातील लग्नाच्या चित्रीकरणाच्या धंद्यात एडियस हे सॉफ्टवेअर विशेष रुजले. पुढे डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उपलब्ध झाली आणि एकेकाळी मुंबईतील मोजक्या स्टुडिओंत होणारे रंगसंस्कारांचे काम तालुक्याच्या गावातील संगणकावर होऊ लागले. लग्नसराईत काम करणारा तोच स्टुडिओ, तोच संगणक आणि तोच मुलगा निवडणुकीत प्रचाराचे काम करू लागला, हा क्रम स्वाभाविकच होता.

औपचारिक शिक्षणाची वाटही नगरमध्येच होती. येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजमधील संज्ञापन अभ्यासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईला न जाता चित्रपटाची भाषा शिकता येते, हे त्यातून दिसले. त्याखेरीज पुण्यात १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची एफटीआयआय, संकलनाचे स्वतंत्र शिक्षण देते. पण प्रवेश मोजके आणि स्पर्धा देशभराची असल्याने जिल्ह्यातील बहुतेक संकलक आजही एखाद्या वडीलधाऱ्या संकलकाच्या शेजारी बसूनच काम शिकतात.

या शिकण्याचा एक फायदा असतो, आणि तो मुंबईच्या जाहिरातसंस्थेला सहज मिळत नाही. नगर जिल्हा एकजिनसी नाही. प्रवरेच्या काठचा ऊसपट्टा, अकोल्यातील आदिवासी डोंगराळ भाग, पारनेर, कर्जत, जामखेडची पाण्याची वणवण, पाथर्डीतून उसतोडीला जाणारी कुटुंबे या सगळ्यांची चित्रे वेगळी आहेत. जामखेडच्या प्रचारात डोलणारा ऊस दाखविला, तर तेथील शेतकरी ती चित्रफीत तेथेच बंद करील. कालव्यातून वाहणारे पाणी दाखविले, तर ते भंडारदऱ्याचे, निळवंड्याचे की मुळेचे, हे पाहणारा क्षणात ओळखतो. या भूगोलाचे ज्ञान हे जिल्ह्यातील संकलकाचे खरे भांडवल आहे.

हंगामी बाजार

अर्थकारणाच्या दृष्टीने हे क्षेत्र उसाच्या गळीत हंगामासारखे आहे. कामाचा सारा भार काही आठवड्यांत येतो आणि नंतर संगणक थंडावतो. लोकसभा आणि विधानसभेच्या मोठ्या कामांत तीन थर दिसतात. सर्वांत वर पक्षाची राज्यपातळीवरील मोहीम असते. तिचे काम मुंबई-दिल्लीच्या जाहिरातसंस्था आणि राजकीय सल्लागार कंपन्या करतात. मधल्या थरात उमेदवाराने स्वतः नेमलेली 'वॉररूम' असते. खालच्या थरात स्थानिक स्टुडिओ येतो, तो वरून आलेल्या जाहिरातीत उमेदवाराचे नाव आणि छायाचित्र बसविण्यापासून रोजच्या सभांच्या फिती काढण्यापर्यंत सर्व कामे करतो. नवशिक्याचा प्रवेश बहुधा या तिसऱ्या थरातून होतो.

हंगाम नसताना टिकायचे, तर हाताशी दुसरे काम हवे. लग्ने, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, कारखान्यांच्या वार्षिक सभा, कीर्तनांचे चित्रण, यूट्यूब वाहिन्या, शेतीविषयक उत्पादनांच्या जाहिराती अशी कामे वर्षभर चालतात. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळाच्या निवडणुका हा नगरचा खास अधिकचा हंगाम. तेथे मतदार मोजके आणि परस्परांना ओळखणारे असतात. त्यामुळे भव्य संगीतापेक्षा उसाचा भाव, थकलेली देणी आणि गाळपाचे आकडे दाखविणारी साधी फीत अधिक परिणाम करते.

पैशाच्या बाबतीत मात्र सावधपणा लागतो. तोंडी बोलीवर काम घेण्याची पद्धत रूढ आहे आणि पराभूत उमेदवाराकडून बिल वसूल करणे अवघड असते. आगाऊ रक्कम, किती फिती आणि किती फेरबदल हे ठरविणारा साधा लेखी करार आणि रीतसर बिल या तीन गोष्टींनी बरेच वाद टळतात. हे बिल केवळ संकलकाच्या सोयीचे नसते; त्याचा संबंध थेट निवडणूक कायद्याशी येतो.

दोन चित्रांच्या मधला अर्थ

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रयोग संकलनाच्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सुपाच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला आणि एकदा एका स्त्रीच्या चित्राला जोडून दाखविला. चेहरा तोच होता, तरी प्रेक्षकांना त्यात अनुक्रमे भूक, दुःख आणि आसक्ती दिसली. अर्थ चित्रात नव्हता, तो दोन चित्रांच्या जोडणीत होता. राजकीय जाहिरात या एका तत्त्वावर उभी आहे.

अमेरिकेत ७ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराची एक मिनिटाची जाहिरात प्रसारित झाली. फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी, तिच्या मोजणीत मिसळत जाणारी क्षेपणास्त्राची उलटगणती आणि मग अणुस्फोट. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नावही तीत नव्हते. पैसे देऊन ती एकदाच दाखविली गेली, तरी तिचा संदर्भ आजही दिला जातो.

महाराष्ट्रात संकलनाची ही ताकद सर्वांत ठळकपणे दिसली ती २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने उमेदवार उभे केले नव्हते, तरीही राज ठाकरे यांनी राज्यभर सभा घेतल्या आणि मोठ्या पडद्यावर भारतीय जनता पक्षाच्या नेत्यांची जुनी भाषणे, जाहिराती आणि बातम्यांचे तुकडे दाखवून त्यांवर टीका केली. 'लाव रे तो व्हिडिओ' हे त्यांचे वाक्य घराघरांत पोहोचले. सरकारी जाहिरातीत झळकलेल्या मेळघाटातील हरिसाल गावच्या युवकाला सोलापूरच्या सभेत थेट व्यासपीठावर आणण्यात आले. पुढे भाजपचे आशिष शेलार यांनी मुंबईत चित्रफितींनीच प्रत्युत्तर दिले. कोणती फीत पूर्ण आणि कोणती तोडलेली, हाच त्या वादाचा गाभा झाला. निवडणुकीच्या मैदानात प्रथमच संकलनाच्या टेबलावरचा प्रश्न सामान्य प्रेक्षक विचारू लागला: या वाक्याच्या आधी काय होते आणि नंतर काय होते?

निकालाने दुसरी बाजूही दाखविली. त्या निवडणुकीत राज्यातील ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. चित्रफीत लोक पाहतात, तिच्यावर हसतात, ती पुढे पाठवितात, पण मत देताना उमेदवार, जात, पाणी, भाव, आघाडी यांचा विचार वेगळा करतात. 'आमच्या व्हिडिओने निवडणूक जिंकली' असे सांगणाऱ्या व्यावसायिकाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे. तरीही चित्रफीत निष्प्रभ मानता येत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कर्जत-जामखेडचा निकाल अवघ्या १,२४३ मतांनी लागला. एवढ्या थोड्या फरकाच्या लढतीत शेवटच्या रात्री फिरलेल्या एका खोट्या फितीनेही निकाल डळमळू शकतो.

नगरचा १९९१ चा धडा

प्रचारातील शब्दांची किंमत किती असू शकते, याचे देशभर गाजलेले उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगरमधून यशवंतराव गडाख विजयी झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी बाळासाहेब विखे पाटील यांनी या निवडीला न्यायालयात आव्हान दिले. प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी असत्य विधाने प्रचारात केली गेली, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरविली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम ठेवले. १९९४ मध्ये येथे पोटनिवडणूक झाली.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३ चे पोटकलम ४ या प्रकरणी निर्णायक ठरले. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी अथवा वर्तनाविषयी, खोटे असल्याचे ठाऊक असताना किंवा ते खरे असल्याचा विश्वास नसताना, त्याच्या यशाला बाधा येईल असे वस्तुस्थितीचे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. त्याच्या सार्वजनिक कामावर, धोरणावर कितीही कठोर टीका करता येते. चारित्र्यावर खोटे रचता येत नाही. १९९१ मध्ये प्रश्न भाषणांचा होता. आज तेच विधान एखाद्याने उच्चारलेलेही नसते; दोन वाक्यांमधला 'नाही' कापून ते संकलनाच्या टेबलावर तयार करता येते. कायद्यातील 'विधान' या शब्दाला अशा रीतीने नवे वळण मिळाले आहे.

जाहिरातीची आधी तपासणी

केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार राजकीय जाहिरातींना पूर्वी मज्जाव होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने नवी व्यवस्था आली. त्यानुसार निवडणूक आयोगाने १५ एप्रिल २००४ रोजी सूचना काढल्या. तेव्हापासून दूरचित्रवाणी व केबलवरील राजकीय जाहिरात प्रसारणापूर्वी प्रमाणित करून घ्यावी लागते. हे काम आता जिल्हा आणि राज्य पातळीवरील माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती करते. नोंदणीकृत पक्ष किंवा उमेदवार असेल, तर प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी आणि इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा असतो. अर्जासोबत जाहिरातीच्या दोन प्रती, तिच्यातील मजकुराची साक्षांकित संहिता, निर्मितीचा खर्च आणि प्रसारणाचा अंदाजित खर्च द्यावा लागतो.

यातला 'निर्मितीचा खर्च' म्हणजे संकलकाचे बिल. २०२२ च्या सुधारणेनंतर महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करणे बंधनकारक आहे. बिल मुद्दाम कमी दाखवायला सांगितले जाते, तेव्हा स्टुडिओ नकळत त्या लपवाछपवीचा भागीदार होतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर परस्पर खर्च करणे हाही गुन्हा आहे. 'दादांचा हितचिंतक' म्हणून कोणी फीत करायला आला, तर आधी ते परवानगीचे पत्र मागणे शहाणपणाचे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये आयोगाने समाजमाध्यमांवरील जाहिरातीही याच व्यवस्थेखाली आणल्या. मतदान संपण्याच्या नियोजित वेळेपूर्वीचे ४८ तास दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनांवर निवडणुकीचा मजकूर दाखविण्यास कलम १२६ मनाई करते. संकलकाच्या दृष्टीने हीच शेवटची घटिका. तिच्यानंतर आलेली 'एवढी एक फीत काढून द्या' ही विनंती नाकारणेच योग्य.

गंमत अशी, की निवडणुकीत कॅमेरा केवळ उमेदवाराकडेच नसतो. आयोगाच्या खर्चनियंत्रण व्यवस्थेत व्हिडिओ सर्वेक्षण पथक असते. ते सभेतील मंडप, खुर्च्या, वाहने, फलक यांचे चित्रण करते. दुसरे पथक ते चित्रण पाहून खर्चाच्या बाबी नोंदविते. उमेदवाराचा संकलक गर्दी मोठी दिसावी म्हणून झटत असतो, आणि त्याच गर्दीच्या खुर्च्या प्रशासन मोजत असते.

छापखान्याचे नाव आणि संकलकाचे नाव

निवडणुकीच्या प्रत्येक हस्तपत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता दिसतो. ही रूढी नव्हे, कायदा आहे. कलम १२७ अ नुसार मुद्रकाला प्रकाशकाकडून साक्षीदारांसह प्रतिज्ञापत्र घ्यावे लागते आणि छापलेल्या पत्रकाची प्रत प्रशासनाला पाठवावी लागते. उल्लंघन झाले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नगरच्या छापखानदारांच्या पिढ्या हा नियम पाळत आल्या. मजकूर पाहिल्याशिवाय मशिन सुरू करायचे नाही, ही सावधगिरी त्यातूनच आली.

चित्रफितीला अशी तळओळ नव्हती. गूगल आणि फेसबुक यांनी २०१९ मध्ये भारतातील राजकीय जाहिरातींची सार्वजनिक नोंद सुरू केली; त्यात पैसे देणाऱ्याचे नाव दिसते. पण पैसे न देता व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फितीवर कोणाचेच नाव नसते. ती कोणी कापली, मूळ फुटेज कोठले, हे शोधणे कठीण. निनावीपणात संकलकाला सुरक्षित वाटते, पण त्याच निनावीपणामुळे त्याच्या कामाला ओळखही मिळत नाही.

ही स्थिती बदलू लागली ती कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. न बोललेले वाक्य एखाद्याच्या आवाजात तयार करणे, ओठांची हालचाल त्याला जुळविणे हे आता साध्या संगणकावर होते. ६ मे २०२४ रोजी, म्हणजे नगर आणि शिर्डीच्या मतदानाला नेमका एक आठवडा उरला असताना, निवडणूक आयोगाने अशा बनावट फिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटविण्याची सूचना राजकीय पक्षांना दिली. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम मजकुरावर तशी स्पष्ट ओळख लावण्यास सांगितले. २४ ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेत ही ओळख दृश्य भागाच्या किमान १० टक्के जागेत असावी आणि केवळ ध्वनी असेल, तर सुरुवातीच्या १० टक्के कालावधीत असावी, असे ठरविण्यात आले. त्याच सूचनेत आणखी एक कलम आहे आणि या व्यवसायाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. अशा प्रत्येक फितीची नोंद, ती कोणी तयार केली याच्या तपशिलासह आणि वेळेसह, पक्षाने ठेवायची आहे. छापखान्याच्या नावासारखेच संकलकाचे नाव आता कोठे तरी नोंदले जाऊ लागले आहे.

जबाबदार संकलकाच्या सवयी

या पार्श्वभूमीवर काही सवयी व्यावसायिक शिस्तीचा भाग व्हायला हव्यात. मूळ फुटेज आणि प्रकल्पाची फाइल निवडणूक याचिकेची मुदत संपेपर्यंत तरी जपून ठेवावी; ही मुदत निकालापासून ४५ दिवसांची असते, आणि याचिका दाखल झाली तर ते फुटेज अधिक काळ लागू शकते. प्रत्येक आवृत्तीला तारीख आणि क्रमांक द्यावा. प्रतिस्पर्ध्याच्या भाषणाचा तुकडा वापरताना त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य ऐकल्याशिवाय कात्री चालवू नये. प्रमाणित झालेल्या जाहिरातीत नंतर 'किरकोळ' बदल करू नये. तो बदल किरकोळ आहे की नाही, हे समिती ठरविते. लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर प्रचारगीत बसविताना हक्कधारकाची परवानगी घ्यावी. दुसऱ्या गावातील, दुसऱ्या वर्षातील दृश्य आपल्या मतदारसंघातील म्हणून खपवू नये.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही नियमपुस्तिकेत मिळत नाही. एका हंगामात एका पक्षाचे आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या पक्षाचे काम करावे का? वकील आणि छापखानदार यांनी हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे: काम कोणाचेही घ्यावे, पण असत्य कोणासाठीही करू नये. एकाच वेळी दोन प्रतिस्पर्ध्यांचे काम एका संगणकावर ठेवू नये, एवढे पथ्य त्यात जोडले, तर संकलकालाही हे उत्तर पुरेसे आहे. नगरसारख्या जिल्ह्यात नेते पक्ष बदलतात, गट एकत्र येतात आणि फुटतात. संकलक मात्र त्याच गावात, त्याच दुकानात राहतो. पाच वर्षांनी पुन्हा दारात येणारा गिऱ्हाईक त्याच्याकडे येतो तो विश्वासामुळे.

नव्या साधनांमुळे रंग जुळविणे, अक्षरपट्ट्या लावणे, आवाज स्वच्छ करणे ही कामे झपाट्याने यंत्राकडे जात आहेत. केवळ सॉफ्टवेअर येते म्हणून मिळणारे काम यापुढे कमी होत जाईल. कोणत्या गावाला कोणते चित्र खरे वाटेल आणि कोणते वाक्य कोठे तोडले म्हणजे ते खोटे होईल, हे ज्याला कळते त्याचे काम मात्र राहील. मतदाराच्या हातात पडणाऱ्या ३० सेकंदांत तो जे पाहतो त्यावर त्याचा विश्वास असतो. त्या ७५० फ्रेम ज्याच्या हातून गेल्या, त्याने तो विश्वास आपल्या भांडवलात धरायला हवा.